पिकअपच्या उंचीचा हिशेब

दिवाळी आटोपून कापसाच्या वेचणीस वेग आला की वऱ्हाडातील रस्त्यांवर पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडून कापूस जिनिंगकडे येतो, वरूड-मोर्शीकडील आंबिया बहाराचा संत्रा बाजाराकडे निघतो, आणि अकोल्याच्या दालमिलांतून निघालेली तूरडाळीची पोती अमरावतीच्या इतवाऱ्यात उतरतात. आपल्या व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांच्या दाराशी अशी एखादी गाडी उभी असते. दुकान, गोदाम आणि ग्राहक यांना जोडणारा तो दुवा आहे. घरातील सोन्याचा आणि ठेवींचा हिशेब आपण वर्षातून चारदा पाहतो. या गाडीचा हिशेब मात्र बहुधा डिझेल, हप्ता आणि विमा या तीन रकान्यांतच संपतो.

अलीकडे या गाडीविषयी घरात दोन परस्परविरोधी मागण्या ऐकू येतात. शिक्षण संपवून व्यवसायात आलेला मुलगा म्हणतो, “बाबा, मागून गाडी फार उंच दिसते, दोन-तीन इंच खाली घेऊ. दिसेलही छान आणि हमालांना माल चढवणेही सोपे जाईल.” मोबाईलवर थायलंडच्या व अमेरिकेच्या बसक्या, रस्त्याला टेकल्यासारख्या पिकअप त्याने पाहिलेल्या असतात. त्याच आठवड्यात ड्रायव्हर सांगतो, “शेठजी, भरतीला गाडी मागून बसते, दोन पाटे वाढवून घ्या.” एकाला गाडी खाली हवी, दुसऱ्याला वर हवी. दोघांचेही बोट गाडीच्या एकाच भागाकडे असते, ते म्हणजे मागील चाकांवरचे पाटे. यांपैकी कोणाचे ऐकावे हे ठरविण्यापूर्वी त्या पाट्यांचे काम समजून घेणे मालकाचे कर्तव्य आहे. गाडीची उंची किती असावी या प्रश्नाचे उत्तर डोळ्याने देता येत नाही. ते मोजपट्टीने व वजनकाट्याने द्यावे लागते.

पाटे काय करतात?

बैलबंडीच्या काळात माल आणि रस्ता यांच्यामध्ये लाकूड व लोखंडी धाव याखेरीज काही नव्हते. धक्का बसे तो थेट मालाला आणि बैलाच्या मानेला. १९८६ साली टाटा ४०७ आली आणि २००५ साली टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला, तेव्हापासून लहान व्यापाऱ्याला स्वतःच्या मालकीचे मालवाहन परवडू लागले. पुढे बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त अशा गाड्या आल्या. या वर्गातील बहुतेक गाड्यांचा मागील भार पाट्यांवरच उभा असतो.

स्प्रिंग पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक रचून, मध्यभागी बोल्टने आवळून पाट्यांचा संच तयार होतो. यू-बोल्टच्या साहाय्याने तो ॲक्सलला बांधलेला असतो, आणि त्याची दोन टोके चॅसीला जोडलेली असतात. माल भरला की कमान सपाट होऊ लागते, खड्डा आला की ती हलते. पाटे दबून दबून चॅसी ॲक्सलवर आदळू नये म्हणून मध्ये रबरी ठोकळा असतो. पाट्यांचे उसळणे आवरण्यासाठी शॉक अब्सॉर्बर असतो, ज्यास मिस्त्री मंडळी ‘शॉकअप’ म्हणतात.

अनेक गाड्यांत मुख्य पाट्यांखेरीज एक-दोन जाड, कमी कमानीचे मदतनीस पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते भार घेत नाहीत. माल वाढला की तेही टेकतात आणि संच एकदम कडक होतो. रिकाम्या गाडीचा धक्का सौम्य असावा आणि भरलेल्या गाडीला आधार मिळावा, या दोन विरोधी अपेक्षा कारखान्याने अशा रीतीने एकाच रचनेत बसविलेल्या असतात.

पाट्यांच्या कडकपणाचा नियम वाणिज्य शाखेच्या माणसासही समजेल इतका सोपा आहे. पाट्यांची संख्या ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात कडकपणा वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात होतो. म्हणजे पाट्याची जाडी केवळ १० टक्क्यांनी वाढविली, तर कडकपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. उलट लांबी वाढली की कडकपणा झपाट्याने कमी होतो. म्हणून ‘एखादा पाटा इकडे-तिकडे’ ही भाषा वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

शिल्लक किती उरते?

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील. समजा, रिकाम्या गाडीत मागील ॲक्सल आणि रबरी ठोकळा यांच्यात १२० मिलिमीटर अंतर आहे. नोंदणी पुस्तकानुसार परवानगी असलेला पूर्ण माल, म्हणजे ५० किलोची ३० पोती, एकूण १,५०० किलो भरली की पाटे ७० मिलिमीटर दबतात. उरले ५० मिलिमीटर. ही ५० मिलिमीटरची शिल्लक खड्डे, गतिरोधक आणि रस्त्याची लाट यांसाठी आहे. व्यवसायात गंगाजळी असते तशीच ही गाडीची गंगाजळी होय.

आता मुलाच्या हौसेखातर गाडी मागून ५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच, खाली घेतली. रिकाम्या गाडीत ७० मिलिमीटर अंतर उरले. ३० पोती भरताच तेही संपले आणि शिल्लक शून्य झाली. गाडी उभी असतानाच ॲक्सल ठोकळ्याला टेकला आहे. या पुढचा प्रत्येक खड्डा पाट्यांना न लागता सरळ चॅसीला, हौद्याच्या जोडांना आणि मालाला लागणार. गाडी केवळ २५ मिलिमीटर खाली घेतली, तर २५ मिलिमीटर शिल्लक राहते. त्यात ड्रायव्हरने सवयीप्रमाणे २५ टक्के जास्त माल घेतला, तर पाटे ७० ऐवजी सुमारे ८७ मिलिमीटर दबतात आणि शिल्लक आठ मिलिमीटरच्याही आत येते.

तीच गाडी मूळ उंचीवर ठेवून २५ टक्के जास्त माल भरला तरी शिल्लक ५० वरून सुमारे ३२ वर येते. म्हणजे गाडी खाली घेणे काय आणि जादा माल भरणे काय, दोन्ही व्यवहार एकाच खात्यातून पैसे काढतात. दोन्ही एकाच वेळी केले तर खाते तुटीत जाते.

खाली घेण्याच्या रीती

गाडी मागून खाली घेण्याच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येकीचा जमाखर्च निराळा आहे.

पहिली रीत पाटा काढून टाकण्याची. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारी. सात पाट्यांपैकी एक काढला, तर उरलेल्या प्रत्येकावर सुमारे १७ टक्के अधिक ताण येतो. आधी ७० मिलिमीटर दबणारा संच आता जवळजवळ ८२ मिलिमीटर दबतो. गाडी खाली आली खरी, पण तिची भार पेलण्याची ताकद विकून आली. मालवाहू गाडीसाठी ही रीत त्याज्यच समजावी.

दुसरी रीत पाटे तापवून त्यांची कमान उतरविण्याची. पाट्यांचे पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, विझवून आणि पुन्हा मंद तापवून तयार केलेले असते. त्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. गॅसच्या ज्योतीवर तापवून वाकविले की ते पाणी उतरते. पाटा पुढे बसत जातो किंवा अवचित तुटतो. पाट्याला वेल्डिंग करणेही याच कारणाने धोक्याचे. कमान बदलायचीच असेल तर ती न तापविता, यंत्रावर, थंड स्थितीत बदलतात.

तिसरी रीत ठोकळ्याची. पाटे ज्या गाडीत ॲक्सलच्या खालून जातात, तेथे दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा बसविला की चॅसी तेवढी खाली येते. पाटे ॲक्सलच्या वरून जात असतील, तर ते खालच्या बाजूस घेण्याची खटपट केली जाते. तिच्याने गाडी बरीच खाली येते. या रीतीत पाट्यांची ताकद तशीच राहते, हा तिचा गुण. पण वर पाहिलेली शिल्लक घटते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकची नळी व शॉकअपची लांबी जुळेनाशी होते. शिल्लक वाढविण्यासाठी परदेशात ॲक्सलच्या वरचा चॅसीचा भाग कमानीसारखा कापून पुन्हा मजबूत करतात. आपल्याकडे चॅसी कापणे म्हणजे गाडीचा कणाच कापणे, आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

चौथी रीत हवेच्या फुग्यांची. पाट्यांच्या जोडीला रबरी हवाफुगे बसवितात. रिकामी गाडी खाली राहते, माल भरला की हवा भरून ती पुन्हा योग्य उंचीवर आणतात. पुण्यामुंबईच्या लोफ्लोअर बसगाड्यांत हवेचेच निलंबन असते, त्यामुळे प्रवासी कमी असोत वा जास्त, पायरीची उंची जवळपास तीच राहते. ‘खालीही हवी आणि ओझ्यालाही हवी’ या मागणीचे तांत्रिकदृष्ट्या खरे उत्तर हेच. मात्र फुगा उंची सांभाळतो, परवानगीचे वजन वाढवीत नाही. ॲक्सल, टायर, चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक यांची मर्यादा जिथल्या तिथेच असते.

ब्रेकला उंची कळते

या सर्व चर्चेत सहसा सुटून जाणारा मुद्दा ब्रेकचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक पिकअप गाड्यांत मागील ॲक्सलजवळ एक लहानशी झडप असते. ती चॅसीवर बसविलेली असून एका दांडीने वा स्प्रिंगने ॲक्सलला जोडलेली असते. मिस्त्री तिला ‘लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह’ म्हणतात. गाडी रिकामी असेल तर मागील चाकांवर भार कमी असतो, अशा वेळी जोराचा ब्रेक लागला तर ती चाके जागीच थांबून घसरतील. म्हणून झडप मागील ब्रेकचा दाब कमी ठेवते. माल भरला, चॅसी खाली आली, की झडप समजते आता भार आहे, आणि मागील ब्रेकला पूर्ण दाब देते.

झडपेला पोती मोजता येत नाहीत. तिला केवळ चॅसी आणि ॲक्सल यांच्यातील अंतर कळते. गाडी दोन इंच खाली घेतली आणि झडप पुन्हा जुळविली नाही, तर रिकामी गाडीही तिला भरलेली वाटते. पहिल्या पावसात, ओल्या डांबरावर, रिकाम्या गाडीने ब्रेक लावला की मागील चाके अडकून गाडी आडवी होण्याचा संभव निर्माण होतो.

आता ड्रायव्हरची मागणी पाहा. सातांचे नऊ पाटे केले की संच सुमारे २९ टक्के कडक होतो. पूर्वी ७० मिलिमीटर दबणारी गाडी तेवढ्याच मालाला सुमारे ५४ मिलिमीटर दबते. भरलेली गाडी झडपेला अर्धवट रिकामी वाटते, आणि ज्या वेळी मागील ब्रेकची सर्वाधिक गरज असते त्या वेळी त्यांना पुरेसा दाब मिळत नाही. चिखलदऱ्याचा किंवा मेळघाटातील दुसरा कोणताही घाट उतरताना सारा भार पुढील ब्रेकवर पडतो आणि ते तापतात. शिवाय वाढविलेले पाटे पाहून मन आश्वस्त होते: गाडी बसत नाही, म्हणजे माल जास्त नाही! गाडीचे मागून बसणे ही खरे तर मालकाला मिळणारी सूचना असते. पाटे वाढविणे म्हणजे ती सूचना बंद करणे होय.

आपले रस्ते, आपला माल

उंचीचा निर्णय रस्ता पाहिल्याशिवाय होऊ शकत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, लोणी ते मूर्तिजापूर, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर थोडी बसकी गाडीही सुखाने धावेल. पण आपला माल महामार्गावर तयार होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. कापूस आणायचा तर पांदण रस्त्याने शेतापर्यंत जावे लागते, तेथे दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो.

गतिरोधकांचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. रुंदी भरपूर असल्याने गाडी त्यावरून हळूच चढून उतरते. गावोगावी रातोरात बांधलेले अरुंद, उभट गतिरोधक मात्र कोणत्याही मानकाला विचारून बांधलेले नसतात. भरलेल्या बसक्या गाडीचा सायलेन्सर वा डिझेलची टाकी प्रथम तेथेच घासते.

मालाचा स्वभावही पाहावा. सुटा कापूस हलका पण आकाराने मोठा. हौद्यावर दोर बांधून तो उंच रचला जातो. वजनाची मर्यादा न ओलांडताही गाडीचा तोल वरच्या बाजूस जातो. सरकी, डाळ, सिमेंट, लोखंड हे लहान आकारात जड. अर्धा हौदा भरताच वजनाची मर्यादा गाठली जाते, आणि उरलेली रिकामी जागा मोह घालते. संत्र्याला धक्का सोसवत नाही; अति कडक पाट्यांवरून गेलेला माल बाजारात पोहोचेपर्यंत दुखावतो. कापड, औषधे, किराणा यांची शहरातल्या शहरात ने-आण करणाऱ्याला यांपैकी कोणतीच अडचण फारशी नाही. म्हणून टिळक रोडवरच्या कापड व्यापाऱ्याची गाडी आणि तेल्हाऱ्याच्या कापूस व्यापाऱ्याची गाडी सारख्याच उंचीची असावी असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

माल कोठे ठेवला यानेही उंची बदलते. दोन चाकांमधील अंतर ३ मीटर असलेल्या गाडीत ३०० किलो माल मागील ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे, म्हणजे फाळक्याला लागून ठेवला, तर मागील ॲक्सलवर ३०० नव्हे, ३६० किलो भार येतो आणि पुढील चाकांवरचा ६० किलो भार उचलला जातो. स्टिअरिंग हलके होते, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ‘गाडी मागून बसते’ या तक्रारीवर कित्येकदा नुसता माल पुढे सरकविणे एवढाच उपाय पुरतो.

इतरांनी काय केले?

हौदा खाली असावा ही इच्छा आजची नाही आणि केवळ हौसेचीही नाही. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९४७ साली ‘एच’ नावाची मालवाहू व्हॅन जगासमोर आणली. तिचे इंजिन पुढील चाकांना शक्ती देत असे, त्यामुळे मागे प्रोपेलर शाफ्ट नव्हता आणि मालाची जमीन अतिशय खाली ठेवता आली. खाटीक, पाववाले, भाजीवाले सर्वांनी ती वापरली आणि १९८१ पर्यंत तिचे उत्पादन चालले. जपानमध्ये इसुझूच्या ‘एल्फ’ ट्रकचे लहान चाकांचे, खालच्या व सपाट हौद्याचे प्रकार मिळतात. आपल्या ‘छोट्या हत्ती’ची चाकेही १२ इंची असल्याने त्याचा हौदा मोठ्या पिकअपपेक्षा खाली असतो. या तिन्ही ठिकाणी हौदा खाली आला तो मूळ आराखड्यात, पाट्यांचा प्रवास आणि ब्रेकचे गणित सांभाळून.

याउलट कॅलिफोर्नियात हौसेने गाड्या इतक्या खाली घेतल्या गेल्या की १९५८ पासून तेथे कायदाच लागू झाला: चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असू नये. त्यावर हौशी मंडळींनी जलदाबाचे पंप बसवून, हवी तेव्हा वर आणि हवी तेव्हा खाली होणाऱ्या गाड्या तयार केल्या. ती एक कला म्हणून नावाजली गेली. पण तिच्यावर कोणाचे गोदाम अवलंबून नव्हते.

कायदा, विमा आणि बोजा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तकातील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा स्पष्ट अर्थ सांगून उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांविरुद्ध बदलांना परवानगी नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद असून जादा माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो.

दंड भरून माणूस सुटतो. खरी जोखीम विम्याची आहे. अपघातानंतर सर्वेक्षक येतो, तो गाडी खालून पाहतो. काढलेले, वाढविलेले वा वेल्डिंग केलेले पाटे दिसले की दाव्यावर हरकत घेण्यास विमा कंपनीला जागा मिळते. अशा वेळी दुरुस्ती, तिसऱ्या पक्षाची भरपाई आणि कर्जाचा हप्ता या तिन्ही गोष्टी एकाच घरावर येऊन पडू शकतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर ती गाडी ही आपल्या मालमत्तेबरोबरच कर्जाचे तारणही असते. हायर-पर्चेस कराराखाली घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून बदल करण्यास कायद्यानेच मनाई आहे. शिवाय मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. मिस्त्रीने केलेला बदल त्या दिवशी पुन्हा उलट करून घेणारे मालक दुप्पट खर्च करतात आणि धोका वर्षभर बाळगतात.

मग करावे काय?

प्रथम गाडीची मोजणी करावी. सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने घ्यावे आणि वहीत लिहावे. मग नेहमीचा माल भरून आणि एकदा पूर्ण परवानगीचा माल भरून तीच मोजमापे घ्यावीत. रिकाम्या व भरलेल्या मापांतील फरक म्हणजे पाट्यांचे दबणे. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक आढळला तर तुटलेला किंवा थकलेला पाटा शोधावा. त्याच दिवशी वजनकाट्यावर एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढील चाके आणि एकदा फक्त मागील चाके घेऊन वजन करावे. एवढ्या एका पानावर गाडीची प्रकृती कळते.

दुसरे, रिकाम्या गाडीत ॲक्सल व रबरी ठोकळा यांतील अंतर मोजून पूर्ण भारानंतरची शिल्लक काढावी. ती मूळचीच तुटपुंजी असेल तर गाडी खाली घेण्याचा विषय तेथेच संपतो. गाडी शहरातच फिरते, माल नेहमीच हलका असतो आणि उंची थोडी कमी करण्याची खरोखर गरज आहे, असे असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राला लेखी विचारावे. कंपनीने मान्य केलेले सुटे भाग वापरावेत आणि काम झाल्यावर ब्रेकची झडप, दिव्यांचा झोत व चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी जुळवून घ्यावी. परिवहन कार्यालयाची मान्यता लागणारा बदल असेल तर ती आधी घ्यावी, नंतर नव्हे.

तिसरे, हमालांची सोय हा हेतू असेल तर गाडीऐवजी गोदामाकडे पाहावे. गोदामाच्या दारात हौद्याच्या उंचीचा पक्का ओटा बांधला की पोते उचलावेच लागत नाही, हातगाडीने सरळ हौद्यात जाते. ओटा आणि हौदा यांत चार-पाच इंचांचा फरक असेल तर मजबूत लोखंडी पत्रा टाकून तो भरून निघतो. हौदा फार खाली असणेही हमालाला सोयीचे नसते. कंबरेच्या खाली पोते ठेवायचे तर पाठ वाकवावी लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या वजनासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचविली. आपल्या राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. हमालाच्या पाठीची काळजी घ्यायची तर पोते हलके करणे आणि ओटा बांधणे या दोन गोष्टी पाटे काढण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतील.

चौथे, पुढील गाडी घेताना उंची हा खरेदीचाच एक निकष मानावा. शहरातील फेऱ्यांसाठी लहान चाकांची, खालच्या हौद्याची गाडी घ्यावी. शेतावरून माल आणायचा असेल तर उंच, मजबूत पाट्यांची पिकअप घ्यावी. दोन्ही कामे असतील आणि व्यवहार तेवढा असेल, तर एक गाडी बदलत बसण्यापेक्षा दोन वेगळ्या गाड्यांचा, किंवा एक स्वतःची व एक भाड्याची, असा विचार करावा. ड्रायव्हरला रोज जादा पाट्यांची गरज वाटत असेल, तर त्याचा अर्थ पाटे कमी आहेत असा नसून गाडी एका आकाराने लहान घेतली गेली आहे असा होतो.

तरुण मुलाची हौस मोडावी असे यातून सुचवायचे नाही. त्याला गाडीचे मोजमाप करायला, वजनकाट्याच्या पावत्या जपायला आणि पाट्यांची वही ठेवायला सांगावे. गाडी नेटकी, स्वच्छ, रंगाने उजळ ठेवण्यास कोणतेच कलम आड येत नाही. ज्या दिवशी तो स्वतः हिशेब करून सांगेल की आपल्या गाडीत पूर्ण भारानंतर इतके मिलिमीटर शिल्लक आहेत आणि त्यांतील इतके आपण खर्च करू शकतो किंवा करू शकत नाही, त्या दिवशी घरातील गाडीची जबाबदारी निर्धास्तपणे त्याच्याकडे सोपवावी.